कोळंबीचा लगदा का होतो? कोळंबी, खेकडे आणि त्यांच्या पाचक विकरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी दुपारी साडेबारा वाजले की माझ्या फोनवर कढईचे फोटो यायला लागतात. मटणाबद्दल कोल्हापुरात कुणी कुणाला विचारत नाही, ते प्रत्येकाला येतं. पण "रस्सा एक नंबर झालाय, कोळंबीचा मात्र लगदा झाला, काय चुकलं?" हा प्रश्न ठरलेला. माझं माहेर रत्नागिरीकडचं, शिक्षण अन्नतंत्रज्ञानाचं आणि सासर कोल्हापूर, म्हणून लोकांना वाटतं मला सगळं ठाऊक असणार. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. घाईत असाल तर ५, ९ आणि १० एवढे तीन वाचा, आजचं जेवण निभावेल.

१. कोळंबी शिजल्यावर पिठासारखी का झाली? मी तर फार शिजवलीही नव्हती.

बहुतेक वेळा बिघाड गॅस पेटवण्याआधीच झालेला असतो. जास्त शिजवली तर कोळंबी वातड होते, रबरासारखी चावत बसावी लागते. पिठूळ, गिळगिळीत, बोटाने दाबली तर फुटणारी कोळंबी म्हणजे ती स्वतःच स्वतःला पचवायला लागली होती. तिच्या डोक्यात एक पाचक ग्रंथी असते. जिवंतपणी त्या ग्रंथीतला रस जागच्या जागी कामाला येतो. जीव गेला की ग्रंथीच्या भिंती ढिल्या पडतात, रस पाझरतो आणि शेजारच्या मांसाला अन्न समजून तोडायला लागतो. मटण कोवळं व्हावं म्हणून आपण कच्ची पपई चोळतो ना, तशी पपई कोळंबी डोक्यात घेऊनच जन्माला येते. फरक एवढाच की मटणाला पपई किती वेळ लावायची हे आपण ठरवतो.

२. विकर म्हणजे काय? हे काही केमिकल मारलेलं असतं का?

नाही. विकर म्हणजे एन्झाइम, शरीराने स्वतः बनवलेलं प्रथिन. मोठ्या रेणूंचे तुकडे करणं हे पाचक विकरांचं काम. आपल्या जठरात आम्ल असतं आणि पेप्सिन असतं. कोळंबी, खेकडा, शेवंड या मंडळींकडे ते आम्लही नाही आणि पेप्सिनही नाही. त्यांचा सगळा कारभार एकाच ग्रंथीवर चालतो, जिला शास्त्रात यकृत-स्वादुपिंड म्हणतात. पचवणं, शोषून घेणं, चरबी साठवणं, तिन्ही कामं तिथेच. त्या रसात ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिनसारखी प्रथिनं तोडणारी विकरं भरपूर असतात.

खरी मेख पुढे आहे. मांसाचे धागे एकमेकांना बांधून ठेवणारं कोलॅजेन हे तिपेडी दोरखंडासारखं असतं. साध्या विकरांना तो पीळ सुटत नाही. पण खेकड्याच्या ग्रंथीत तो कच्चाच कापणारं विकर सापडलं, आणि ते सापडलं फिडलर खेकड्यात. खाडीच्या चिखलात एकच नांगी प्रचंड मोठी असलेले छोटे खेकडे पाहिले असतील, त्यांच्याच अमेरिकेतल्या भाऊबंदावर १९७०च्या आसपास हे काम झालं. तोवर मोती सुटावेत तसे मांसाचे धागे का सुटतात याचा नीट उलगडा नव्हता. दोरा तुटला की माळ संपली.

३. ही ग्रंथी दिसते कशी? लाख आणि ती एकच का?

एकच नव्हे. कोळंबीचं डोक्याचं कवच उचललं की आत तपकिरी-नारिंगी, लोण्यासारखा मऊ गोळा दिसतो, ती ग्रंथी. खेकड्याची पाठ उघडली की दोन्ही बाजूंना पिवळट, कधी हिरवट लगदा असतो, तीच ती. लाख म्हणजे मादीची अंडी, रंगाने भडक केशरी, शिजल्यावर घट्ट आणि रवाळ. ग्रंथी शिजल्यावरही मऊसरच राहते. बाजूला जे करड्या पिसांसारखं दिसतं ते कल्ले. ते मात्र टाकायचे.

४. मी पाठीतला काळा दोरा काढला होता. तरी मऊ कशी झाली?

काळा दोरा म्हणजे आतडं. त्यात माती, वाळू आणि खाल्लेलं असतं, म्हणून ते काढणं चांगलं, नाहीतर दाताखाली कचकच येते. पण विकरांचा कारखाना डोक्यात आहे, शेपटीत नाही. पोटाच्या बाजूला एक पांढरा दोरा दिसतो तो मज्जातंतू. त्याच्या मागे लागू नका.

५. डोक्यासकट घ्यावी की डोकं काढून?

माहेरी हा प्रश्नच नव्हता. सकाळी बोट लागायची, दुपारी डोक्यासकट कालवण व्हायचं, आणि डोक्याशिवाय कालवणाला चवही येत नाही असं माझी आई अजून म्हणते. तिचं खरं आहे. पण ती किनाऱ्यावरून बोलते. रत्नागिरी ते कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर. मध्ये आंबा घाट, त्याआधी बंदरावरचा लिलाव, नंतर इथला बाजार आणि मग आपली पिशवी. तेवढा सगळा वेळ ग्रंथी मांसाला चिकटून बसलेली असते.

म्हणून माझा कोल्हापुरातला नियम असा. कोळंबी त्याच दिवशीची आहे याची खात्री असेल आणि घरी पोचताच चुलीवर जाणार असेल तर डोक्यासकट घ्या. नाहीतर मासेवाल्या मावशींकडूनच डोकी काढून घ्या. डोकं नुसतं तोडू नका, हलकं पिळून ओढा म्हणजे ग्रंथी अखंड बाहेर येते. मानेशी राहिलेला पिवळट अंश थंड पाण्याच्या धारेखाली बोटाने पुसा. भिजत ठेवू नका, मांस पाणी पितं. डोकी टाकायची गरज नाही. लगेच तेलात परतून, पाणी घालून, उकळून गाळलं की रश्श्याला उत्तम पाणी तयार. उकळी आली की तिथली विकरंही संपली.

६. कोळंबी बर्फातच होती की. मग?

बर्फ विकरांना झोपवत नाही, पेंगायला लावतो. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की अशा क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. शून्याला वेग फार मंद असतो, पण काम चालू असतं. डोक्यासकट बर्फात तीन-चार दिवस राहिलेली कोळंबी वरून चकचकीत दिसते आणि मानेशी दाबली की बोट आत जातं. शिवाय "बर्फात होती" याचा अर्थही पाहावा लागतो. बाजारात पुष्कळदा वर चार खडे आणि खाली कोमट पाणी असा प्रकार असतो. कोळंबीच्या वजनाइतकाच बर्फ, थरावर थर, आणि वितळलेलं पाणी वाहून जायला वाट, याला बर्फात ठेवणं म्हणतात.

७. निळ्या नांग्यांची जंबो कोळंबी महाग घेतली आणि तीच जास्त मऊ निघाली. फसवलं का?

कदाचित फसवलं नसेल. ती गोड्या पाण्यातली कोळंबी, व्यापारात तिला स्कॅम्पी म्हणतात. या जातीची ही खोडच आहे, आणि जगभर तिची शेती करणारे त्यावरच डोकं फोडतात. एक तर तिचं डोकं भलं मोठं. वजनातला निम्मा भाग, कधी जास्तच, डोक्याचा आणि छातीचा असतो, त्यामुळे ग्रंथीही तशीच. आणि तिच्या रसाची कोलॅजेनवरची पकड जबर. मऊपणा डोक्याला लागून असलेल्या पहिल्या पेरापासून सुरू होतो आणि शेपटीकडे सरकतो. म्हणून ही कोळंबी शक्यतो जिवंत घ्या, बर्फाच्या पाण्यात बुडवून मारा आणि ताबडतोब डोकं वेगळं करा. डोक्यासकट भाजायचीच हौस असेल तर खळखळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून पुन्हा बर्फात टाका, मग मसाला लावा. ग्रंथी डोक्यातच साकळते, चवही राहते.

८. मग हॉटेलातली व्हनामी इतकी टणक कशी असते?

व्हनामी ही तळ्यात वाढवलेली कोळंबी, भारतात तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली. तळ्यातली असल्याने काढणी ठरवून करता येते. चांगले शेतकरी आधी खाद्य थांबवतात. पोट भरलेल्या कोळंबीत पाचक रस उसळलेला असतो, उपाशी कोळंबीत कमी. मग काढल्या काढल्या बर्फाचं पाणी, डोकं वेगळं आणि गोठवणी. सगळी साखळी काही तासांची. समुद्रातली कोळंबी जाळ्यात कधी सापडली आणि पोटात काय होतं हे कोण सांगणार? शिवाय गोठवलेल्या मालाला पुष्कळदा फॉस्फेटचं पाणी दिलेलं असतं, त्याबद्दल १५ पाहा.

९. मेलेला खेकडा घ्यावा का? विकणारे म्हणतात "आत्ताच मेलाय".

माझं उत्तर नाही, आणि यात मी घासाघीस करत नाही. कोळंबीचं डोकं तोडता येतं, खेकड्याची ग्रंथी मात्र मांसाच्या खोल्यांच्या मधोमध असते. जीव गेल्यावर रस चारी बाजूंनी पाझरतो, आणि बाहेरून टणक कवच असल्याने तुम्हाला पत्ताही लागत नाही. शिजवून फोडला की आतून पाणी निघतं आणि मांस कवचाला चिकटलेलं. शेवंडीचंही तसंच, म्हणून ती जिवंत विकतात, नाहीतर नुसती शेपटी गोठवून.

खेकडा घेताना डोळ्याजवळ काडी न्या, डोळे आत ओढले पाहिजेत. पाय उचलून सोडला तर लोंबकळू नये. घरी येताना पिशवीतच मेला तर तासाभरात पाठ काढून, पिवळा लगदा धुऊन चुलीवर चढवा. रात्री ठेवलेला सकाळी मेलेला दिसला तर सरळ टाका. साठ-सत्तर रुपये वाचवून रविवार घालवू नये.

१०. खेकडे थंड पाण्यात घालून गॅस लावावा की उकळत्या पाण्यात सोडावेत?

उकळत्या. आणि पाणी भरपूर, म्हणजे खेकडे पडल्यावर उकळी मोडणार नाही.

कारण सांगते, कारण हे एकदा कळलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. आपल्याला वाटतं उष्णता म्हणजे विकरांचा शेवट. शेवट होतो, पण साधारण ७० अंशांच्या पुढे. त्याआधी ५०-६० अंशांच्या पट्ट्यात ही विकरं बर्फातल्यापेक्षाच नाही, तर जिवंतपणीपेक्षाही जोरात चालतात. थंड पाण्यात खेकडे घालून मंद गॅसवर ठेवले तर त्या पट्ट्यातून जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात विकरांची जत्रा भरते. उकळत्या पाण्यात तोच पट्टा झटकन पार होतो. मोठा खेकडा असेल तर आधी पाठ उघडून, ग्रंथी काढून, दोन तुकडे करून घाला. उष्णता लवकर आत पोचते.

जिवंत खेकडा उकळत्या पाण्यात सोडवत नसेल, मलाही नाही सोडवत, तर आधी अर्धा तास बर्फात ठेवा. तो बधिर होतो. पायही गळत नाहीत.

११. कोळंबीची दम बिर्याणी प्रत्येक वेळी फसते. चिकनची तर होते.

वरचंच कारण, फक्त भांडं वेगळं. कच्ची कोळंबी तळाला, वर भात, झाकणाला ओल्या कणकेची वात आणि खाली मंद जाळ. म्हणजे विकरांना हवं असलेलं तापमान, हवा तेवढा वेळ. चिकनला मंद आच मानवते, कारण कोंबडीच्या मांडीशेजारी तिचं जठर बांधलेलं नसतं. कोळंबी मोठ्या जाळावर दीड-दोन मिनिटं परतून घ्या, अर्धी शिजली की बाजूला काढा आणि शेवटच्या दहा मिनिटांत थरात घाला. रश्श्याचंही तेच. आधी कट येऊ द्या, रस्सा खळखळू द्या, मग कोळंबी. मध्यम आकाराची असेल तर तीन-चार मिनिटं पुरे. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकली की झाली, पार गोल वेटोळं झालं की वातड.

१२. शेतातल्या खेकड्यांच्या रश्श्यात पाय कुटून गाळलेलं पाणी घालतो. ते कधी छान दाटतं, कधी नुसतंच पाणी राहतं. का?

हा प्रश्न फक्त घाटावरून येतो आणि मला सगळ्यात आवडतो. जून-जुलैत समुद्रात मासेमारी बंद असते, आणि नेमका त्याच वेळी पहिल्या पावसाने राधानगरी, गगनबावडा, पन्हाळ्याच्या बाजूला ओढ्या-बांधांतून खेकडे वर येतात. बारीक पाय, कवचाचे तुकडे उखळात कुटायचे, पाणी घालून गाळायचं आणि ते रश्श्यात सोडायचं. उकळी आली की त्यातलं प्रथिन साकळून ढगासारखं वर येतं. ते ढग म्हणजेच रश्श्याचा जीव.

आता कुटताना त्यात पाठीतला पिवळा लगदाही गेला, आणि गाळलेलं पाणी ओट्यावर वाटण होईपर्यंत तासभर बसलं, तर काय होईल? प्रथिन पाण्यात सुटं, विकर पाण्यात सुटं, मध्ये कवच नाही, भिंत नाही, बर्फ नाही. प्रथिनाचे तुकडे होत जातात आणि तुकडे झालेलं प्रथिन साकळत नाही. वर थोडी कडवट झाकही येते. माझ्या सासूबाई कुटायचं काम अगदी शेवटी, मसाला तेल सोडायला लागल्यावरच करायच्या. "पाणी शिळं होतं" एवढंच त्या म्हणायच्या. एन्झाइम हा शब्द न वापरता याहून नेमकं मला सांगता आलेलं नाही.

म्हणजे पाय वेगळे कुटा, पिवळा लगदा हवा असेल तर थेट गरम तेलात परता, आणि गाळलेलं पाणी लगेच उकळत्या रश्श्यात ओता. आणखी एक गोष्ट चवीची नाही, तब्येतीची. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसाच्या जंताची पिल्लं असू शकतात. कुटलेलं कच्चं पाणी चाखून मीठ बघू नका, आणि तो पाटा-उखळ कोथिंबिरीला वापरण्याआधी गरम पाण्याने धुवा.

१३. अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ, हे खरं का? पोकळपणा विकरांमुळे येतो का?

एकाच टोपलीतले, एकाच अमावास्येचे खेकडे मी उघडले आहेत. काही गच्च, काही पाणी. तेव्हा कॅलेंडरवर फार विसंबू नका. पोकळपणाचं खरं कारण कात टाकणं. खेकड्याचं कवच वाढत नाही, म्हणून तो ते टाकून देतो, अंगात पाणी भरून फुगतो, नवं कवच त्या मापाचं घट्ट करतो आणि मग सावकाश मांसाने भरतो. मधल्या काळात सापडला तर कवच मोठं, आत पाणी. कोकणात खाडीतले असे पाण्याचे खेकडे काही आठवडे खायला घालून भरतात आणि मग विकतात.

विकरांचा प्रश्न मात्र तुम्ही बरोबर विचारलात. नांगी फुगीर आणि तिचा सांधा अरुंद. कात टाकताना एवढं मांस त्या अरुंद सांध्यातून ओढून काढायचं कसं? म्हणून खेकडा आधीच नांगीतलं मांस थोडं झिजवतो, आणि ते झिजवणारी विकरं पोटातली नव्हेत, स्नायूतलीच असतात. तेव्हा असा खेकडा जिवंत घेतला, उकळत्या पाण्यात सोडला, सगळं पुस्तकाप्रमाणे केलं तरी नांगी भुसभुशीतच निघणार. यावर स्वयंपाकघरात इलाज नाही. घेतानाच वजन हाताने जोखा आणि पोटाकडचं कवच अंगठ्याने दाबा. दबलं तर परत ठेवा.

१४. मॅरिनेशनमध्ये पपई, दही, कोकम, लिंबू, यातलं काय चालेल?

पपई नको. कच्चं अननस, आलं जास्त प्रमाणात, किवी हेही नको. सगळ्यांत प्रथिनं तोडणारी विकरं आहेत आणि कोळंबीत आधीच एक कारखाना चालू आहे. कोकमाचं आगळ मात्र थोडं कामाचं. माणसाच्या ट्रिप्सिनच्या उलट कोळंबी-खेकड्यांचं ट्रिप्सिन आंबटात टिकत नाही. पण आंबट आत खोलवर जात नाही, आणि फार वेळ ठेवलं तर मांस वरून खडूसारखं होतं. दहा मिनिटं पुरे. हळद-मिठाने वास कमी होतो, थोडं पाणी सुटतं. मऊपणावर तो इलाज नाही. आल्याची पेस्ट शिजवताना घाला, लावून ठेवू नका.

१५. चायनीज गाडीवरची कोळंबी कुरकुरीत लागते. सोडा घालतात का?

बहुतेक वेळा हो. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला पाव चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ, पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये, मग धुऊन कोरडी करायची. सोड्याने मांस पाणी धरून ठेवतं आणि दाताला लवचीक लागतं. फॉस्फेटचंही काम तेच, फक्त त्यात तुम्ही पाण्याचे पैसे कोळंबीच्या भावाने देता. तव्यावर टाकल्यावर पांढरट फेसाळ पाणी बदाबदा सुटलं तर समजा.

इथे एक फसगत आहे. ही विकरं किंचित अल्कधर्मी माध्यमात जास्त खूश असतात. शिळ्या, मान मऊ पडलेल्या कोळंबीला सोडा लावून ओट्यावर तासभर ठेवलं तर तुम्ही रोगाला खुराक देता. सोडा ताज्या कोळंबीला, थंड ठेवून. गाडीवाले अंड्याचा पांढरा बलकही लावतात. त्यात ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं खरोखर असतात, पण ती पृष्ठभागावरच राहतात.

१६. मऊ म्हणजे सडलेली का? दुकानदाराशी भांडू का?

भांडण्याआधी तपासा. मानेशी मऊ आणि शेपटीशी घट्ट, वास समुद्राचा, तर विकरांचं काम. सगळीकडे सारखी चिकट, अमोनियाचा किंवा आंबट-कुजका वास, तर जिवाणू, आणि मग जरूर भांडा. शेपटी कच्चीच दुधासारखी पांढरी आणि कापसासारखी, तर तो एका सूक्ष्म परजीवीचा रोग, माणसाला लागत नाही पण खायला नको वाटतं. घट्ट पण वातड असेल तर चूक तुमच्या गॅसची.

१७. डोकं काळं पडलं म्हणजे शिळी ना?

काळेपणाचं विकर वेगळं. सफरचंद चिरल्यावर लाल पडतं त्याच जातीचं, तांबं असलेलं, आणि त्याला हवा लागते. मांसाच्या पोताशी त्याचा संबंध नाही. काळी पण घट्ट कोळंबी असते, गोरीपान पण पिठूळही असते. उलट अजिबात काळी न पडणारी कोळंबी मेटाबायसल्फाइटच्या पाण्यातून आलेली असू शकते. मर्यादेत ते चालतं, कच्च्या कोळंबीला आंतरराष्ट्रीय मानकात किलोला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. दमा असणाऱ्यांनी मात्र जपावं.

१८. फ्रीजरमध्ये ठेवली, बाहेर काढल्यावर लगदा. असं का?

घरच्या फ्रीजरमध्ये गोठायला वेळ लागतो, बर्फाचे खडे मोठे होतात आणि पेशी फोडतात. डोक्यासकट ठेवली असेल तर ग्रंथीही फुटते, आणि वितळताना सगळा रस मांसात. उणे १८ अंशांनाही विकर मरत नाही, जागं व्हायची वाट पाहतं. तेव्हा डोकं काढून (५ पाहा), धुऊन, कोरडी करून, पातळ थरात ठेवा. रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या. घाई असेल तर बंद पिशवीत थंड पाण्याखाली धरा. गरम पाणी नको, पुन्हा गोठवणं नको.

१९. तिसऱ्यांत पारदर्शक जंतासारखं काहीतरी निघालं. फेकून दिल्या!

अरेरे. तो जंत नव्हता. शिंपल्यांच्या जठरात काचेसारखा पारदर्शक दांडा असतो, तो गोल फिरत झिजतो आणि पिष्ट पचवणारं विकर सोडतो. म्हणजे तो घन रूपातला पाचक रसच. तिसऱ्या पाण्याबाहेर बराच वेळ राहिल्या तर तो विरघळतोही, त्यामुळे दांडा दिसणं हे ताजेपणाचंच लक्षण. शिंपले आपण जिवंत, तोंड मिटलेले शिजवतो, म्हणून त्यांचा लगदा होण्याची तक्रार कमी. उघडा शिंपला टिचकी मारूनही मिटला नाही तर टाका.

२०. माकुळ आणि बोंबील? तेही मऊ पडतात.

माकुळाच्या नळीत मोठी पाचक ग्रंथी असते, तेव्हा आणल्या आणल्या आतलं काढून टाका. बोंबलाची गोष्ट निराळी, त्याच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणून तो दाबून पाणी काढायचा, विकरांना दोष द्यायचा नाही.

२१. जवळ्याचं डोकं कुणीच काढत नाही. मग तो सुकवताना विरघळत कसा नाही?

विरघळायला वेळच देत नाहीत. जवळा इतका बारीक की कडक उन्हात भराभर वाळतो, आणि पाण्याशिवाय विकराला हात हलवता येत नाही. ढगाळ दिवशी वाळवलेला जवळा काळपट आणि चिकट होतो तो याचमुळे. आग्नेय आशियात हाच जवळा मीठ घालून मुद्दाम विरघळवतात आणि त्याची लगदी चवीला वापरतात. तिथे जो गुण, तो आपल्या कढईत दोष. सोडे मात्र सोलून वाळवलेले, त्यामुळे त्यांचा पोत टिकतो.

२२. मऊ पडलेली कोळंबी खाल्ली तर अपाय होतो का?

विकरांनी नाही, ती शिजताना संपतात. पण जेवढा वेळ विकरांना मिळाला तेवढाच जिवाणूंनाही मिळाला, म्हणून वासाची परीक्षा आधी (१६ पाहा). ग्रंथी स्वतः खाण्याबद्दल विचाराल तर चव अप्रतिम, पण कॅडमियमसारखे जड धातू तिथेच साठतात. कधीतरी, थोडी. आणि ज्यांना कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी, मऊ झाली म्हणून किंवा भरपूर शिजवली म्हणून ती कमी होत नाही. अ‍ॅलर्जी देणारं मुख्य प्रथिन उष्णतेला दाद देत नाही.

२३. लगदा झालाच आहे, पाहुणे दारात आहेत. आता काय करू?

तुटलेले धागे परत जुळत नाहीत, तेव्हा अख्खी कोळंबी दाखवायचा हट्ट सोडा. वास ठीक असेल तर कोळंबी रश्श्यातून झाऱ्याने काढा, निथळवा, सुरीने बारीक करा. उकडलेला बटाटा, बारीक कांदा, कोथिंबीर, कांदा-लसूण चटणी आणि बांधणीला थोडं बेसन. रव्यात घोळवून तव्यावर कडक वडे करा. रस्सा गाळून पुन्हा उकळा, वर कट येऊ द्या आणि वाटीत वेगळा द्या. मी हे दोनदा केलंय, आणि दुसऱ्या वेळी पाहुण्यांनी वड्यांची कृती मागितली.